वाकळेखालची गोष्ट

या अंकात एक कथा छापली आहे. कथेवर नाव नाही. वहीच्या फाडलेल्या पानांवर लिहून टपालाने आली. दोन बायांची कथा आहे. दोघींचा एकमेकींवर जीव आहे, आणि तो नुसता मैत्रिणींचा जीव नाही. कथेत गावाचं नाव होतं, ते आम्ही खोडलं. लिहिणारीला उद्या त्याच गावात पाणी भरायचंय. बाकी एक अक्षर बदललेलं नाही.

ही कथा छापण्यावरून आमच्यात भांडण झालं. आपलेच कार्यकर्ते म्हणाले, हा चळवळीचा प्रश्न नाही. हे पोट भरलेल्यांचं फॅड. आपल्या वस्तीत असल्या बाया नसतात. आणि शेवटी नेहमीचं हत्यार काढलं: बाबासाहेबांना हे चाललं असतं का?

त्याचं उत्तर आधी घ्या. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवायचे. वाचक हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल विचारायचे, कर्वे न लाजता उत्तरं छापायचे. सरकारने अश्लीलतेचा खटला भरला. १९३४ साली मुंबई हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण एका फाटक्या मासिकासाठी आणि वाचकाच्या प्रश्नासाठी बाबासाहेब उभे राहिले. तेव्हा त्यांचं नाव घेऊन आम्हाला गप्प बसवू नका. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमाच्या बेडीतून ही माणसं सोडवली. त्या निकालपत्रातही बाबासाहेबांची संविधानिक नैतिकता बोलते आहे.

आता फॅडचं बघू. इस्मत चुगताईंची 'लिहाफ' ही उर्दू कथा १९४२ साली लाहोरच्या 'अदब-ए-लतीफ'मध्ये आली. लिहाफ म्हणजे रजई. नवऱ्याने टाकल्यासारखी ठेवलेली बेगम आणि तिचं अंग रगडणारी मोलकरीण रब्बू. मुंबईत राहणाऱ्या इस्मतला लाहोरच्या कोर्टात खेचलं. अश्लील शब्द दाखवा म्हटल्यावर साक्षीदारांना एक धड दाखवता आला नाही. खटला टिकला नाही. बाईने जिगर दाखवली, सलाम.

पण मी हमाल माणूस. मला त्या कथेत बेगमेच्या आधी रब्बू दिसते. काळी, देवीचे व्रण असलेली, दिवसरात्र दुसऱ्याचं अंग चोळणारी. बेगमेचं दुःख कळतं. रब्बूला काय वाटतं? तिचाही जीव जडला होता, की ती नुसती नोकरी होती? कथा सांगते एक लहान पोर. रब्बू एक शब्द आपल्या मनाचं बोलत नाही.

मराठीत या. विजय तेंडुलकरांनी आधी कथा लिहिली, मग त्यावर 'मित्राची गोष्ट' हे नाटक. १९८१ साली ते रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. त्या काळात ही छातीची गोष्ट होती. पण सांगतो कोण? बापू, म्हणजे मित्राचा दोस्त, पुरुष. आणि शेवटी मित्रा जीव देते. ते बघून घरी जाणाऱ्या पोरीने काय शिकायचं? की तुझी गोष्ट दुसरा सांगेल आणि तू मरशील?

तोंड बायांचंच असलेलं पुस्तक आलं १९९९ साली. अश्विनी सुखठणकरांनी देशभरातल्या लेस्बियन बायांचं लिखाण 'फेसिंग द मिरर' या नावाने एकत्र केलं. पुष्कळजणींनी खोटी नावं घेऊन लिहिलं. का, ते विचारू नका. आदल्याच डिसेंबरात मुंबईत शिवसेनेच्या बायांनी 'फायर' सिनेमाचा खेळ फोडून बंद पाडला होता. पण ते पुस्तक इंग्रजीत. दहावीला इंग्रजीत गटांगळ्या खाणाऱ्या आमच्या बहिणीपर्यंत ते कधी पोचणार?

आणि वस्तीत, गावात असल्या बाया नसतात म्हणणाऱ्यांना सांगतो. मी पणदऱ्याचा. तिकडे माळेगाव कारखान्याचा ऊस तोडायला टोळ्या येतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. जिथं बाई मोजायची तीच नवऱ्यासकट, तिथं बाईवर जीव असलेली बाई कुठल्या रकान्यात लिहिणार? मुकादमाच्या वहीत तिला रकाना नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानेही अशा जोडीला लग्नाचा हक्क दिला नाही, म्हणजे तिथल्या वहीतही नाही. रकाना नाही म्हणून ती दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून तुम्ही म्हणता, नसतेच. ही चलाखी आपल्याला नवी आहे का?

मॅट्रिकच्या वर्षी बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' माझ्या हाती लागलं. पुस्तक १९६३ चं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. वाचून दोन दिवस नीट जेवलो नाही. आपलं जगणं छापायच्या लायकीचं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. गोष्ट भाकरी देत नाही, पण भाकरी मागायला ताठ उभं करते. त्या पोरीलाही तिची गोष्ट वाचून हेच होणार. फरक एवढाच, मी पुस्तक उघड्यावर वाचलं. तिला लपवून वाचावं लागेल, बापापासून, भावापासून, आणि दोस्तांनो, आपल्यापासूनसुद्धा.

म्हणून ही कथा छापली. वाचताना कुणाला हसू आलं तर त्याने आपल्या बोलीवर, आपल्या आडनावावर हसलेलं तोंड आठवावं. आपल्या कवींनी कळवळ्याच्या कविता घेऊन धावत येऊ नये. तिचं तोंड तिला आहे. बायांनो, तुम्ही लिहा. नाव नको असेल तर नको. शुद्धलेखन आम्हालाही येत नाही.

रजई बेगमेची असते, आपल्यात वाकळ असते. वाकळेखालची गोष्ट अजून लिहायची राहिली होती, ती आता सुरू झाली आहे. आणि या कथेत शेवटी कुणी मरत नाही. दोघी पहाटे उठतात, चहा करतात आणि कामाला जातात.