फूफीची सही आणि जमिनीखालचा मुरूम

आमच्या सातबाऱ्यावर तेरा नावं आहेत. गंगापूर तालुक्यात आजोबांनी मागे ठेवलेली अकरा एकर कोरडवाहू जमीन. त्यातला दीडेक एकराचा माळ असा की पावसाळ्यातही तिथे कुसळांशिवाय काही उगवत नाही. नावांमध्ये अब्बा, एक चाचा, वारलेल्या मोठ्या चाचांचं कुटुंब, एक फूफी आणि दुसऱ्या, हयात नसलेल्या फूफीची मुलं.

काही वर्षांपूर्वी त्या भागात रस्त्याचं काम निघालं आणि एक पोटठेकेदार घरी आला. माळावर शेततळं फुकट काढून देतो, निघेल तो मुरूम आमचा, वर रोख रक्कम तुमची. बारा जण तयार झाले. फूफी नाही म्हणाली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. तिला समजवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी घरातला 'शिकलेला'. फोनवर मी तिला तेच सांगितलं जे कोणीही सांगेल: फूफी, बारा लोक हो म्हणतायत. ती म्हणाली, "फिर मेरी सही कायकू मांगते?"

मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, जमिनीबद्दल मी ऐकलेला सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता.

तिचे आणखी तीन प्रश्न होते. किती खोल खणणार, मोजणार कोण, आणि उद्या नोटीस आली तर कोणाच्या नावाने येणार. पहिल्या दोन प्रश्नांचं गणित मी नंतर केलं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दहा फूट खणलं की ४,३५,६०० घनफूट, म्हणजे ४,३५६ ब्रास. चार ब्रासचा एक हायवा धरला तर हजारापेक्षा जास्त फेऱ्या. ठेकेदाराच्या कागदावर खोलीच्या जागी 'अंदाजे' एवढाच शब्द होता. अंदाजे दहा आणि अंदाजे वीस यांत आणखी हजार फेऱ्या असतात.

तिसऱ्या प्रश्नासाठी कायदा वाचावा लागला. सातबारा आपल्या नावावर असतो, म्हणून आपण समजतो की जमीन पाताळापर्यंत आपली. तशी ती नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ सांगतं की शासनाने दिलेल्या सनदेत स्पष्टपणे वेगळं लिहिलेलं नसेल, तर खनिज जमिनीवर असो की जमिनीखाली, ते राज्य सरकारचं. मुरूम, दगड, वाळू ही गौण खनिजं. भरावासाठी वापरली जाणारी साधी मातीसुद्धा केंद्राच्या ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने गौण खनिज झाली. परवानगीशिवाय उत्खनन केलं तर खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. तो भरला नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो आणि सातबाऱ्यावर बोजा चढतो. ठेकेदार परवान्यापेक्षा जास्त खणून पुढच्या कामावर निघून जातो, गट नंबर मात्र तिथेच राहतो. आमच्या शेजारच्या गटात नेमकं हेच झालं. बोजा उतरवता उतरवता त्या घराची दोन वर्षं गेली.

हे सगळं अटळ आहे असंही नाही. केरळच्या मलबारमधल्या जमीनमालकांनी सरकारला हाच प्रश्न विचारला होता: जमीन आमची, मग खालचं खनिज तुमचं कसं? ८ जुलै २०१३ रोजी थ्रेसियाम्मा जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जमिनीखालच्या खनिजाची मालकी साधारणपणे जमिनीच्या मालकीबरोबर जाते. कायद्याच्या रीतसर मार्गाने ती काढून घेतलेली असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे कलम ४८ हाच तो मार्ग. पुढच्याच वर्षी पुण्याच्या बिल्डरांच्या संघटनेने दाखल केलेल्या खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं की इमारतीच्या पायासाठी खणलेली माती त्याच प्लॉटवर वापरली, तर केवळ तेवढ्यावरून दंड लावता येणार नाही. बिल्डर दिल्लीपर्यंत जाऊ शकले. दोन एकरवाला जाऊ शकेल का, हे तुम्हीच सांगा.

अमेरिकेत चित्र उलटं आहे. तिथे जमिनीखालचं तेल आणि वायू बहुतेक ठिकाणी खासगी मालकीचे असतात. म्हणून तिथे भांडण वेगळ्या टोकाने सुरू झालं, पण येऊन थांबलं फूफीच्याच प्रश्नावर. तेल एका जागी बसून राहत नाही. शेजाऱ्याने विहीर खणली तर तुमच्याखालचं तेल त्याच्याकडे ओढलं जातं, आणि जुना नियम असा की ज्याने वर काढलं त्याचं. मराठवाड्यात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. शेजाऱ्याने आठशे फुटांचा बोअर घेतला की आपली विहीर मार्चमध्येच तळ दाखवते, मग आपण हजार फुटांचा घेतो. ही शर्यत थांबावी म्हणून तिथल्या राज्यांनी पूलिंगचे कायदे केले: आसपासच्या सगळ्यांचे हक्क एकत्र करायचे, विहीर एकच, उत्पन्न हिश्शाप्रमाणे. कल्पना शहाणपणाची आहे. माझ्या कामात तर पूलिंगशिवाय पान हलत नाही, सर्व्हरची क्षमता आम्ही रोज एकत्र करून वाटतो. फरक इतकाच की सर्व्हरला फूफी नसते.

वेस्ट व्हर्जिनियामध्ये वायू कंपन्यांना ही सक्तीची पूलिंग हवी होती. २०१५ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहात विधेयक ४९ विरुद्ध ४९ अशा बरोबरीच्या मतांनी पडलं. विरोध करणाऱ्यांत स्वतःला कट्टर बाजारवादी म्हणवणारेही होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: माझी वस्तू मला विकायची नसेल, तर खासगी कंपनीला ती घ्यायचा अधिकार सरकार कसा देतं? २०१८ मध्ये वेगळा कायदा आला. एका जमिनीच्या खनिजाचे सात किंवा अधिक सहमालक असतील आणि ७५ टक्के हिश्शाची संमती असेल, तर उरलेल्यांच्या नकारामुळे काम अडणार नाही. त्यांना हिश्शाप्रमाणे पैसे मिळतील. २०२२ मध्ये हेच तत्त्व, ७५ टक्क्यांच्याच अटीवर, शेजारशेजारच्या जमिनींना लागू झालं.

सात किंवा अधिक सहमालक. हे वाचलं तेव्हा आमचा तेरा नावांचा सातबारा माझ्या डोळ्यांसमोर आला.

आपल्याकडे पूलिंग हा शब्द गावागावात पोहोचला तो समृद्धी महामार्गामुळे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, घरात आम्ही अजून औरंगाबादच म्हणतो, तो वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांतून येतो आणि शहराजवळ माळीवाडा, सावंगीला उतरतो. २०१६ मध्ये सरकारचा पहिला प्रस्ताव खरेदीचा नव्हताच. जमीन एकत्र द्या. कोरडवाहूच्या बदल्यात २५ टक्के आणि बागायतीच्या बदल्यात ३० टक्के इतका विकसित भूखंड नवनगरात घ्या, आणि दहा वर्षं वार्षिक रक्कम. नमुना होता आंध्रच्या नियोजित राजधानीचा, अमरावतीचा. तिथे शेतकऱ्यांनी तीस हजार एकरांहून जास्त जमीन पूलिंगमध्ये दिली होती. पुढे २०१९ मध्ये सरकार बदललं, राजधानी तीन शहरांत विभागायची टूम निघाली आणि ते शेतकरी न बांधलेल्या शहराचे भूखंड हातात घेऊन आंदोलनाला बसले. म्हणजे ज्या गोष्टीची आपल्या शेतकऱ्यांना भीती होती, ती तिकडे खरी ठरली.

इथे लोकांनी पूलिंग नाकारली. सिन्नर तालुक्यातल्या शिवडे गावाने मोजणीलाच विरोध केला, शहापूरपासून आमच्या जिल्ह्यापर्यंत ठिकठिकाणी सभा झाल्या. अखेर २०१७ मध्ये सरकारने थेट खरेदीचा मार्ग धरला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या हिशेबाने ग्रामीण भागात होणारी चौपट आणि संमतीने दिली तर त्यावर २५ टक्के, म्हणजे पाचपट. मग जमिनी मिळाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा.

त्या काळात वर्तमानपत्रांत आणि आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्येही विरोध करणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हटलं गेलं. मीसुद्धा म्हटलं असेन. पण पाचपट दर कोणामुळे आला? पहिल्याच दिवशी कागदावर सही करायला तयार असणाऱ्यांमुळे तो आला नाही. नाही म्हणणाऱ्यांनी तो आणला, आणि त्याचा फायदा हो म्हणणाऱ्यांनाही झाला. टक्केवारीचे कायदे नेमकी हीच ताकद काढून घेतात. ७५ टक्के मिळाले की उरलेल्या २५ टक्क्यांशी बोलायची गरज संपते, आणि सगळ्यात कठीण प्रश्न विचारणारे बहुधा त्या २५ टक्क्यांतच असतात.

२०१३ च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. तीही जड वाटली म्हणून ३१ डिसेंबर २०१४ ला अध्यादेश आला. तो वारंवार काढावा लागला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये सोडून द्यावा लागला. मग राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या. महाराष्ट्राने २०१८ मध्ये काही प्रकारच्या प्रकल्पांना संमतीतून आणि सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट द्यायची वाट मोकळी केली. आता पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्गाच्या निमित्ताने कोल्हापूरपासून परभणी-नांदेडपर्यंत तेच प्रश्न पुन्हा उभे आहेत.

समोरच्या बाजूचं म्हणणं मी टाळणार नाही. एक माणूस अडून बसला आणि त्याच्यामुळे शंभर घरांचं पाणी, रस्ता किंवा रोजगार अडला तर? असं होतं. नकार नेहमी शहाणपणाचाच असतो असंही नाही, कधी तो भावाशी असलेल्या जुन्या भांडणाचा असतो. सार्वजनिक गरज खरी असेल तर सक्ती पूर्णपणे टाळता येणार नाही. पण मग भाव घेणाऱ्याने ठरवू नये, किती खोल आणि किती ब्रास हे आधी लिहून द्यावं, नाही म्हणणाऱ्याला शेजाऱ्यापेक्षा कमी मिळू नये, आणि उत्खनन जास्त झालं तर जबाबदारी खणणाऱ्यावर असावी, सातबाऱ्यावर नाही. या चार गोष्टी मान्य असतील तर ७५ टक्क्यांवर माझं फारसं भांडण नाही. पण यांतली एकही न देता केवळ आकडा पुढे केला जातो.

आता आपल्या घराकडे येतो, कारण तिथे मला जास्त अवघड जातं.

हिंदू एकत्र कुटुंबात कर्ता असतो. आपल्याकडे ती कल्पनाच नाही. माणूस वारला त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो, आणि एक वारस दुसऱ्याचा हिस्सा विकू शकत नाही. भाऊ मोठा असला तरी नाही. कागदावर हे इतकं स्वच्छ आहे. प्रत्यक्षात किती घरांत वारस नोंदीच्या वेळी बहिणींची नावं लागतात? किती ठिकाणी ईदला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं आणि 'भावांवर भरोसा नाही का' असं विचारलं जातं? मग मोबदल्याचा चेक येतो, बहीण हिस्सा मागते, आणि लोक म्हणतात पैसा बघून नियत फिरली. वेस्ट व्हर्जिनियाच्या कायद्याला निदान ७५ टक्के तरी लागतात. आपल्या घरात तीन भाऊ जमले की पूलिंग पूर्ण.

मी स्वतः हेच करत होतो. बारा लोक हो म्हणतायत, हे वाक्य मी एखाद्या सरकारी अधिकाऱ्याकडून ऐकलं असतं तर त्याच्यावर लेख लिहिला असता. फूफीला मात्र मीच ते ऐकवलं, आणि तेही चांगल्या हेतूने.

ठेकेदार शेवटी दुसऱ्या गटात गेला. चाचा फूफीशी वर्षभर बोलले नाहीत. शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढल्यावर बोलायला लागले, पण त्या विषयावर अजूनही कोणी बोलत नाही. गेल्या वर्षी आम्ही वाटणीचा अर्ज केला. मोजणी झाली, हिस्से शरीयतप्रमाणे लागले, दोन्ही फूफींच्या घरांचे स्वतंत्र. माळ कोणी घ्यायचा यावर सगळे गप्प होते, तेव्हा तो फूफीने मागितला. तिथे ती काय करणार, हे तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही.