पाटी वाचा, मग बोला

छायाचित्र हा इतिहासाचा निर्विवाद साक्षीदार, ही समजूत जितक्या लवकर सुटेल तितके बरे. जॉन थॉमसनच्या १८७३-७४ साली प्रसिद्ध झालेल्या चीनविषयक खंडांत कँटनच्या एका बाजारगल्लीचे छायाचित्र आहे. त्या काळी ओल्या कोलोडियनच्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. जो थांबला तो उमटला. जो चालत राहिला तो पुसट झाला किंवा नाहीसाच झाला. व्यापार म्हणजे तर हालचाल! हमाल, दलाल, गिऱ्हाईक नेमके तेच गळाले. तेव्हा अशा चित्रांवरून ‘सुस्त चीन’ सिद्ध करणारे चीनविषयी नव्हे, काचेच्या मर्यादेविषयी बोलत असतात.

मग छायाचित्रे बाद करायची काय? मुळीच नाही. दुकानांच्या उभ्या पाट्या हलत नाहीत. थॉमसनने त्यांचे अर्थही दिले आहेत. एक पाटी ह्वेइचौच्या शाईची जाहिरात करते. ह्वेइचौ दूर उत्तरेला, आन्ह्वेइ प्रांतात. म्हणजे त्या नावाला कँटनमध्ये किंमत होती. माल खरोखर तिथूनच आला, की नुसते नावच विकले गेले, हे मात्र चित्र सांगणार नाही. त्यासाठी हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागतील. चित्राला सजावट मानणारा आणि चित्रापाशीच थांबणारा, दोघेही वाचनाचे कष्टच टाळतात.