डाग कुठला, गळती कुठली

अंगणात आमचा जुना ट्रक रोज ऑइलचा डाग सोडायचा. निपाणीतला एक मिस्त्री म्हणाला, "मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवायला लागतंय." खर्च ऐकून आप्पा गाडी विकायलाच निघाले! तंबाखूच्या भाड्यावर आम्हा भावंडांची शिक्षणं झाली ती याच गाडीमुळे.

"आप्पा, एक दिवस थांबा," मी म्हटलं. इंजिन डिझेलनं धुतलं, कोरडं पुसलं, वर टाल्कम पावडर भुरभुरली (बाळाची, म्हणून सौ. रागावली!). तवंदी घाट चढून आलो. पावडरीवर काळी रेघ, थेट टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. तेल वरून ओघळत सीलपाशी ठिबकत होतं. ब्रीदरची नळीही तुंबलेली; आतला दाब पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलत होता. नळी साफ केली, पॅकिंग बदललं.

आप्पा अजूनही सकाळी चहाआधी गाडीखाली वाकून बघतात.