अकॅडमीत जा, क्लब सोडू नका

आपल्या वस्त्यांमधली मुलं आता फुटबॉल अकॅडमीत जाऊ लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. पण अकॅडमीत नाव लागलं की मोहल्ल्याचा क्लब सोडायचा, हे मला पटत नाही.

अकॅडमीत पहिला टच, पासिंग, दोन्ही पाय वापरणं शिकवतात. ते कसाला लागतं क्लबच्या सामन्यात. तिथे फी भरू न शकणारा मित्रही शेजारी खेळत असतो.

मात्र दोन्हीकडचा हिशेब ठेवायला हवा. क्रीडावैद्यकातला सोपा ठोकताळा आहे : मुलाचं वय जितकं, आठवड्याला त्याहून जास्त तास संघटित खेळ नको. बारा वर्षांच्या मुलाला १२ तास. त्यात अकॅडमी, क्लब, शाळेचा संघ सगळं आलं. एक दिवस पूर्ण विश्रांती. त्यासाठी दोन्ही प्रशिक्षकांनी एकमेकांशी बोललं पाहिजे.

क्लब चालवणाऱ्या तरुणांनो, मुलांची अधिकृत नोंदणी करा. फिफाच्या नियमानुसार, करार चालू असताना खेळाडूची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर झाली, तर त्या रकमेतले ५ टक्क्यांपर्यंत पैसे त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना मिळतात. नोंद नसेल तर हक्क सांगणार कशावर?

भारताला १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण मिळवून देणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे शिक्षक होते. असे शिक्षक आपल्यातही आहेत. मुलांसाठी, आणि मुलींसाठीही, त्यांना मैदानावर बोलवा.