आज्ञेचा गुरुवार

"शुक्रवारीं ख्रिस्ताचें मरण झालें व रविवारीं तो उठला, हें पुस्तकांत वाचलें आहे, पण सर, गुरुवारीं काय झालें म्हणून एवढी प्रार्थनासभा भरते?" असा प्रश्न नववीच्या वर्गांतील एका हिंदु विद्यार्थ्यानें मला एकदां विचारला. मीं शिक्षकाच्या संवयीनें तत्काळ उत्तर दिलें: "त्या रात्रीं ख्रिस्तानें शिष्यांबरोबर शेवटचें भोजन केलें, त्यांचे पाय धुतले, आणि एकमेकांवर प्रीति करण्याची नवी आज्ञा त्यांस दिली." उत्तर बरोबर होतें, परीक्षेंत त्यास पूर्ण गुण मिळाले असते. परंतु तें देण्याचा मला कितपत अधिकार आहे, हा विचार त्या दिवसापासून मनांतून जात नाहीं. तोच आज वाचकांपुढें मांडतों.

ह्या दिवसास आपण 'आज्ञा-गुरुवार' म्हणतों. लॅटिन भाषेंत आज्ञेस 'मांदातुम' असा शब्द आहे. त्यावरूनच इंग्रजींतील 'मॉंडी थर्सडे' हें नांव आलें, असें बहुतेक विद्वान् मानतात. भाकर व प्याला यांची हकीकत मत्तय, मार्क व लूक हे तिघेहि देतात. पाय धुण्याची हकीकत मात्र एकटा योहान आपल्या तेराव्या अध्यायांत देतो. म्हणजे भोजन आणि सेवा हीं त्या एकाच रात्रीचीं दोन अंगें आहेत. आपण पहिलें अंग वेदीवर जपलें. दुसऱ्याचें काय केलें, हें पाहण्यासारखें आहे.

पाय धुणें ही गोष्ट आपल्या देशांत अपरिचित नाहीं. कोंकणांतल्या घरीं पाहुणा आला कीं अंगणांत तांब्याभर पाणी पुढें येतें. पाय धुतल्यावांचून पडवी चढावयाची नाहीं, हा आजीनें घातलेला नियम आपण सर्वांनीं पाळला आहे. विवाहांत वधूपिता वराचे पाय धुतो. शिष्य गुरूचे पाय धुतो. पण नीट पाहिलें तर हें पाणी नेहमीं एकाच दिशेनें वाहत आलें आहे: धाकट्याच्या हातून थोराच्या पायांवर. यहूदी देशांतहि तसेंच होतें. धुळीनें भरलेले पाय धुणें हें तेथें दासाचें काम होतें. त्या रात्रीं पाण्याची दिशा बदलली. गुरूनें अंगरखा काढून ठेविला, कमरेस रुमाल बांधला, आणि तो शिष्यांच्या पायांशीं बसला. पेत्रास हें सहन होईना. त्यानें प्रथम साफ नकार दिला. आणि ज्या पायांनीं यहूदा थोड्याच वेळानें विश्वासघातासाठीं बाहेर पडणार होता, ते पायहि गुरूनें वगळले नाहींत. आधीं लायकी ठरवून मग पाणी ओतलें, असें त्या रात्रीं झालें नाहीं.

ह्या आठवणीभोंवतीं पुढें अनेक चाली वाढल्या. रोमन कॅथॉलिक मंदिरांत ह्या सायंकाळीं 'ग्लोरिया' झाल्यावर घंटा मुक्या होतात, त्या ईस्टरच्या जागरणापर्यंत. मधल्या काळांत लांकडी खटखट्यानें काम भागवितात. उपासनेनंतर वेदीवरील वस्त्रें काढून घेतात, आणि उघडी वेदी पाहून लहान मुलांसहि कांहीं दुःखाचें घडत असल्याचें कळतें. केरळांतील सीरियन ख्रिस्ती घरांत कुटुंबप्रमुख बेखमीर अप्पम् कापून सर्वांस वांटतो. पाय धुण्याचा विधि पूर्वीं मिस्सेहून निराळा होत असे. पोप पायस बारावे यांच्या १९५५ च्या आदेशानें तो सायंकाळच्या मिस्सेंत करण्याची मुभा मिळाली. २०१३ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगांत जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या व मुसलमानहि होते. पुढें २०१६ सालीं ह्या विधींत स्त्रियांसहि स्थान असल्याचें नियमानेंच ठरलें.

इंग्लंडची कथा अधिक बोधक आहे. तेथें राजे ह्या दिवशीं गरिबांचे पाय धूत असत. एलिझाबेथ पहिली हिच्या काळचें वर्णन उपलब्ध आहे: राणी पायांस हात लावण्यापूर्वीं तेच पाय आधीं परीट-विभागाची दासी आणि मग दानधर्माकडील धर्माधिकारी सुगंधी पाण्यानें धुऊन काढीत! सतराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या जेम्स राजानंतर धुणेंहि बंद पडलें. आतां राजाच्या वयाच्या वर्षांइतक्या पुरुषांस व तितक्याच स्त्रियांस नाण्यांच्या पिशव्या मिळतात. पायांची जागा पिशवीनें घेतली. ती पिशवी घेणाऱ्यांचा मान खराच असेल. पण राजास खालीं बसावें लागत नाहीं.

हें वाचून हंसूं येतें. मलाहि आलें होतें. पण मीं स्वतः काय केलें, तें आतां सांगावयास हवें.

ईस्टर हा २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार असल्यामुळें आज्ञा-गुरुवार पौर्णिमेच्या जवळपासच येतो. २०२६ सालीं तर तो २ एप्रिल रोजीं, ऐन चैत्री पौर्णिमेसच. गेथशेमानेच्या बागेंत त्या रात्रीं चांदणें होतें, तें ह्याच कारणानें. आमच्या भाट्याच्या लोकांस पंचांगापेक्षां खाडी हें अधिक लवकर सांगते. पौर्णिमेच्या सुमारास दुपारीं व मध्यरात्रीं उधाणाची भरती आणि पहाटे व सायंकाळीं मोठी ओहोटी. त्या ओहोटींत खाडीचा तळ दूरवर उघडा पडतो, आणि बायका व मुलें मुळे वेंचण्यासाठीं चिखलांत उतरतात. आज्ञा-गुरुवारच्या उपासनेची वेळ आणि ही ओहोटी बहुधा एकाच सायंकाळीं येतात.

कित्येक वर्षांपूर्वीं, मी दुसऱ्या एका शाळेंत असतां, ह्या विधीसाठीं बारा मुलगे निवडण्याचें काम माझ्याकडे होतें. त्या शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण दोष माझा होता. मुलांस मीं सूचना दिली होती कीं, पाय स्वच्छ धुऊन, नखें कापून यावें. अकरा आले. बारावा, खाडीकांठचा एक मुलगा, प्रार्थना सुरू होण्याच्या बेतांत असतां धांवत आला. अंगांत पांढरा स्वच्छ सदरा. पण गुडघ्यापर्यंत खाडीचा काळा चिखल वाळून त्यास भेगा पडलेल्या. आईबरोबर मुळ्यांची पाटी पोंचवून तो तसाच पूल ओलांडून आला होता. सदरा बदलावयास वेळ मिळाला, पाय धुवावयास मिळाला नाहीं. मीं रागानें म्हटलें, "हें देवाचें मंदिर आहे. आधीं जा, पाय धुऊन ये." तो गोंधळून म्हणाला, "पण सर, पाय आतां धुणारच आहेत ना?"

मीं उत्तर दिलें नाहीं. नळाकडे बोट दाखविलें. तो परत येईपर्यंत बाराव्या खुर्चीवर दुसरा मुलगा बसला होता. उपदेश उत्तम झाला, गायन उत्तम झालें. तो मुलगा ओल्या पायांनीं मागच्या भिंतीशीं उभा होता. त्या मंदिरांत त्या दिवशीं धुण्यासारखे पाय त्याचे एकट्याचेच होते.

कोणी म्हणेल, विधि हें चिन्ह आहे. चिन्हास खरा चिखल कशाला हवा? ह्या आक्षेपांत तथ्य आहे. उपासनेस शिस्त असावी, हें मी आजहि मानतों. पण चिन्ह हें कशाचें तरी चिन्ह असावें लागतें. करणाऱ्यास ज्यांत कांहींच अवघड वाटत नाहीं, तें ह्या आज्ञेचें चिन्ह कसें होईल? धुतलेले पाय पुन्हां धुण्यांत पाण्याखेरीज कांहीं खर्च होत नाहीं.

शिवाय ही आज्ञा वेदीपाशीं संपत नाहीं, पंगतींतहि येते. पौलानें करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत तिला कडक शब्दांत दोष दिला आहे. कारण प्रभुभोजनास जमूनहि कोणी यथेच्छ खात-पीत व कोणी उपाशी राहत. एका पंगतीस बसणें ही धर्माची कसोटी आहे, हें ह्या रत्नागिरींत निराळें सांगावयास नको. १९३१ सालीं येथें पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंसाठीं उघडलें गेलें, आणि सहभोजनांवरून ह्याच गांवांत केवढा गहजब झाला, तो महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्या काळच्या लोकांस आपण नांवें ठेवतों. पण आपल्या संमेलनाच्या दिवशीं पटांगण झाडणारी बाई कोणाच्या पंगतीस बसते? वसतिगृहाचा स्वयंपाकी गरम जेवतो कीं सर्वांच्या मागून गार? त्याचें पूर्ण नांव आपल्यांपैकीं किती शिक्षकांस ठाऊक आहे?

म्हणून माझें मत असें आहे. हा विधि बंद करूं नये. पण बारा स्वच्छ मुलगे निवडण्याची रीत बंद करावी. खुर्च्या उघड्या ठेवाव्या. जो जसा येईल तसा बसावा, आणि पहिली खुर्ची शाळा झाडणाऱ्यांस द्यावी. बसावयाचें कीं नाहीं, हें मात्र त्यांच्या खुशीवर ठेवावें. कारण दुसऱ्यास संकोचांत पाडून आपण नम्र दिसणें, हाहि एक अहंकारच आहे. त्यांनीं नको म्हटलें तर त्या दिवशीं शिक्षकांनीं त्यांच्या हातची झाडू घ्यावी, वसतिगृहांत वाढावें, उष्टीं काढावीं, भांडीं घासावीं, आणि सर्वांच्या शेवटीं जेवावें. ह्यासाठीं ठराव नको, वर्गणी नको. एक बालदी व एक पंचा पुरे. त्या रात्रींहि सामग्री याहून अधिक नव्हती.

तो खाडीकांठचा मुलगा आतां मोठा झाला आहे. पुलावर भेटला कीं तो हंसून नमस्कार करतो. ती गोष्ट तो बहुधा विसरला असावा. मीं अद्याप त्याची क्षमा मागितलेली नाहीं. मुलांपुढें नम्रतेवर बोलणें मला सोपें जातें, आणि पुलावर थांबून दोन शब्द बोलणें अवघड जातें, हें लिहावयास लाज वाटते. पण तें खरें आहे. येत्या आज्ञा-गुरुवारापूर्वीं मी थांबणार आहें. नववीच्या वर्गानें मला तो प्रश्न पुन्हां विचारला, तर उत्तर देण्याआधीं निदान एवढें तरी माझ्या हातून झालेलें असावें.