न सापडलेल्या तंतूभोवतीचं गणित

वैश्विक तंतू आजवर कुणालाही सापडलेला नाही. तरीही त्याच्या आजूबाजूच्या निर्वातात काय घडेल, याची गणितं चाळीस वर्षं चालू आहेत. नसलेल्या वस्तूवर एवढी डोकेफोड कशाला, हे करदात्यानं विचारणं रास्तच. पण म्हणून हे काम बंद करणं मोठी चूक ठरेल.

मद्रासमध्ये जन्मलेल्या टॉम किबल यांनी लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजात असताना १९७६ मध्ये ही कल्पना मांडली. विश्व थंड होताना वेगवेगळ्या भागांचा मेळ बसला नसेल, तर सांध्यांवर आरंभीची ऊर्जा अडकून पडली असेल: अणुकेंद्रकाहून बारीक, पण अफाट लांब तंतूंच्या रूपात. सर्वांत जड तंतूंच्या गणितात जेमतेम पाच किलोमीटरचा तुकडा पृथ्वीएवढा भरतो. आणि तरीही असा सरळ तंतू शेजारच्या स्थिर वस्तूला ओढत नाही! तो अवकाशाचा आकारच बदलतो. कागदाच्या चकतीतून पाचर कापून कडा जोडल्या की शंकू होतो. कागद कुठेही ताणला जात नाही, पण टोकाभोवतीच्या फेरीत ३६० अंश भरत नाहीत. तंतूभोवती तसंच.

निर्वाताला मात्र ही तूट जाणवते. क्वांटम सिद्धांतानुसार रिकाम्या जागेतही क्षेत्रांची थरथर चालूच असते. हेलिवेल आणि कोन्कोव्स्की यांनी १९८६ मध्ये एका सोप्या क्षेत्रासाठी गणित मांडलं. साध्या निर्वातातली ऊर्जा शून्य धरली, तर तंतूजवळ ती ऋण निघते आणि अंतर दुप्पट झालं की सोळाव्या हिश्श्यावर येते. जिथे अवकाश सपाट आहे, तिथल्या निर्वातालाही दूरच्या तंतूची खबर लागते. यापेक्षा विलक्षण निष्कर्ष भौतिकशास्त्रात फार थोडे असतील.

हे नुसते कागदी घोडे नव्हेत. अशाच थरथरीमुळे विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातील, असं हेन्ड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये सांगितलं होतं. स्टीव्ह लॅमोरो यांनी ते १९९७ मध्ये नेमकेपणानं मोजलं. सोन्याचा मुलामा दिलेले क्वार्ट्झचे दोन पृष्ठभाग, एक सपाट, एक किंचित फुगीर, आणि मध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी फट!

शोधात फसगतही झाली. सीएसएल-१ ही जुळी प्रतिमा म्हणजे मधल्या तंतूमुळे दुहेरी दिसणारी एकच दीर्घिका असावी, असं २००३ मध्ये वाटलं. हबल दुर्बिणीनं २००६ मध्ये त्या दोन स्वतंत्र दीर्घिका असल्याचं दाखवलं. तंतू कसा दिसेल याचं गणित आधीच तयार होतं, म्हणून हा निवाडा तीन वर्षांत झाला.

नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आज याच शोधाशी जोडलेली आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी टिपलेली स्पंदकांची, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांची, वेळपत्रकं वापरून भारतीय आणि युरोपीय गटांनी २०२३ मध्ये संथ गुरुत्वीय लहरींच्या खुणा मांडल्या. बहुधा त्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या असतील. पण अशा लहरी तंतूंपासूनही निघू शकतात, आणि ती शक्यता अजून मिटलेली नाही. तबकड्यांवर खर्च होतो तो योग्यच. त्यासोबत राज्यातल्या विद्यापीठांत भौतिकशास्त्राच्या रिकाम्या जागा भरताना सैद्धांतिक संशोधकांनाही हक्कानं जागा मिळायला हवी. त्यांना लागतं ते कागद, संगणक आणि काही वर्षांची निश्चिंती.