ग्रहण, गर्भ आणि बाळाचे डोळे: दोष आईचा नाही

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. ग्रहण आले की मोरा-पनवेल परिसरातच नव्हे, राज्यभर गरोदर स्त्रियांना विळी-सुरीला हात लावू नको, असे बजावले जाते. पुढे बाळाच्या डोळ्यांत दोष आढळला, की बोट आईकडे वळते. म्हणून खरे कारण समजून घ्या.

डोळे कसे घडतात?
गर्भात डोळ्यांची घडण साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते. अनेकदा तेव्हा दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात. कोणते कुठे, कधी आणि किती चालू राहायचे, हे डीएनएमधील 'बटणे' ठरवतात. पॅक्स-६ हे डोळ्यांचे एक प्रमुख जनुक. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील वॉल्टर गेहरिंग यांच्या गटाने माशीतले हे जनुक तिच्या पायांवर, पंखांवर चालू केले, तर तिथे डोळे उगवले! उंदराचे जनुक वापरले, तरी डोळे माशीचेच झाले.

माणसात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असेल, तर बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा नीट तयार होत नाही. हा अ‍ॅनिरिडिया. कधी जनुक शाबूत असते, पण त्याचे दूरचे बटण तुटलेले असते. हा बदल आईकडून किंवा वडिलांकडून येतो, नाहीतर नव्याने घडतो. ग्रहणाचा संबंध नाही.

जीन थेरपीचे काय?
२०१७ मध्ये अमेरिकेत आरपीई-६५ जनुकाच्या दोषावर डोळ्यांची जीन थेरपी मंजूर झाली. तिथे डोळा घडलेला असतो, पडद्याचे एक काम बंद असते. अ‍ॅनिरिडियात घडणच जन्माआधी चुकते. त्यामुळे ती थेरपी इथे लागू पडत नाही.

तुम्ही काय करावे?
- बाळाला उजेड सोसत नसेल, डोळे सतत हलत असतील, बाहुली फार मोठी किंवा पांढरी दिसत असेल, तर लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा.
- अ‍ॅनिरिडिया असल्यास जनुक तपासणी करून घ्या. शेजारचे जनुकही गळलेले असेल, तर मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ होऊ शकते. नियमित सोनोग्राफी लागते. काचबिंदूची तपासणीही चुकवू नका.
- रुबेलाची लस गरोदरपणाआधीच घ्या. मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन गरोदरपणात घेऊ नका.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांत मुलांची मोफत तपासणी होते. तिचा लाभ घ्या.

सुनेला दोष देण्यात गेलेले दिवस बाळाच्या उपचारातून वजा होतात.